दृष्टिपटलाचा दाह आणि वनस्पतिज द्रव्ये : ताटातले नेमके काय पडद्यापर्यंत पोहोचते?

सप्तपर्णी

मधुमेह असलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या सभासदांकडून अलीकडे एकच विचारणा वारंवार होताना दिसते. हळदीतील कर्क्युमिन, केशर, द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल, जांभळासारख्या फळांतील अँथोसायनिन आणि पालेभाज्यांतील ल्युटिन यांपैकी कशामुळे डोळ्याच्या पडद्याचे दाहापासून रक्षण होते, असे ते विचारतात. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. रुग्ण तपासत नाही. परंतु या विषयावरील मूळ शोधनिबंध वाचणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि त्यातून बनलेले मत सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी दाहाविषयी. मधुमेहात दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे, नुकसान केवळ साखरेमुळे होते असे आपण समजतो, पण त्या साखरेमुळे जे घडते त्यात दाहाचा वाटा मोठा आहे. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या पेशी चिकटू लागतात, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ यांसारखी संदेशद्रव्ये वाढतात, व्हीईजीएफ हे केशवाहिन्या झिरपत्या करणारे प्रथिन वाढते, आणि रक्त व दृष्टिपटल यांच्यामधला जो घट्ट अडसर असतो तो सैल होऊन पाणी झिरपू लागते. मधुमेहामुळे पीतबिंदूला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या तीक्ष्ण दृष्टीच्या जागेला, आलेली ही सूज डोळ्यात स्टेरॉइड सोडल्यावर अनेक रुग्णांत उतरते, यावरूनच तेथे दाह काम करत असतो हे स्पष्ट होते. वयोमानानुसार होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासातही तेच दिसते. २००५ मध्ये या विकाराचा संबंध कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच या प्रतिकारयंत्रणेतील प्रथिनाच्या जनुकाशी असल्याचे आढळले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या विकाराच्या कोरड्या प्रकारातील पुढच्या अवस्थेसाठी मान्यता मिळालेली दोन्ही इंजेक्शने याच कॉम्प्लिमेंट यंत्रणेला अडवणारी आहेत. तेव्हा दाह कमी करणारे एखादे वनस्पतिज द्रव्य पडद्याला उपयोगी पडेल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

अडचण उत्तरात आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ही द्रव्ये टाकली, की जवळजवळ प्रत्येक द्रव्य एनएफ-कप्पा-बी नावाची, पेशीतील दाह सुरू करणारी मुख्य कळ शांत करते. मात्र बशीतील पेशींना द्रव्याची जी तीव्रता मिळते, ती तोंडावाटे घेतलेल्या गोळीने रक्तातसुद्धा गाठता येत नाही, मग दृष्टिपटल तर दूरच राहिले. आतडे, यकृत आणि शेवटी तो अडसर अशी तीन नाकी ओलांडून किती अंश पुढे जातो, हे विचारल्याशिवाय कोणत्याही दाव्याला अर्थ येत नाही.

या कसोटीवर ल्युटिन आणि झिॲझँथिन ही दोन द्रव्ये इतरांपेक्षा निराळी ठरतात. मानवी शरीर ती तयार करू शकत नाही. ती फक्त अन्नातून येतात. तरीही पीतबिंदूचा पिवळा रंग त्यांचाच आहे, हे १९८५ मध्ये रासायनिक विश्लेषणातून दाखवले गेले. शरीराने त्यांच्यासाठी खास व्यवस्था केलेली आहे. पीतबिंदूत झिॲझँथिनला धरून ठेवणारे प्रथिन २००४ मध्ये आणि ल्युटिनला धरून ठेवणारे प्रथिन २०११ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठातील गटाने ओळखले. ही रंगद्रव्ये निळा प्रकाश शोषतात आणि दाहाला सुरुवात करून देणारे मुक्त कण निकामी करतात. म्हणजे येथे ‘पोहोचते का?’ या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे, आणि कोणाचाही पीतबिंदू तपासला तरी ते डोळ्यांनी दिसते.

कर्क्युमिनच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तात ते जेमतेम सापडले किंवा सापडलेच नाही. सोबत मिऱ्यातील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा दोन हजारांचा आकडा आज प्रत्येक बाटलीवर छापला जातो, परंतु नगण्य प्रमाण वीसपट झाले तरी ते किती होणार, हे बाटलीवर नसते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात कर्क्युमिनवरचा जो विस्तृत आढावा आला, त्यात हे द्रव्य शरीरात अस्थिर असते आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये फसवे होकारार्थी निकाल देते, असे स्पष्ट मांडले आहे. मधुमेही उंदरांच्या दृष्टिपटलात कर्क्युमिनमुळे दाहाची चिन्हे घटल्याचे निबंध आहेत आणि ते खोटे नाहीत. मात्र त्यांच्या आधारे एखाद्या रुग्णाला आश्वासन देणे मला योग्य वाटत नाही.

उंदरांविषयी आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण बातम्यांमध्ये त्या कधीच येत नाहीत. पहिली ही, की उंदराला पीतबिंदू नसतोच. दुसरी प्रयोगाच्या रचनेबद्दल आहे. टोकियोच्या केयो विद्यापीठातून रेस्व्हेराट्रॉलवर २००९ मध्ये आणि बिलबेरी या फळाच्या अर्कावर २०१२ मध्ये अतिशय काटेकोर काम प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या आवरणातील विष टोचून उंदराच्या डोळ्यात तीव्र दाह निर्माण केला, आणि ज्या उंदरांना ही द्रव्ये दिली होती त्यांच्या दृष्टिपटलाची हानी कमी झाली. मात्र तेथे द्रव्य आधीपासून दिलेले होते आणि दाह नंतर घडवून आणला होता. आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा दाह कित्येक वर्षे चाललेला असतो.

केशराचे स्थान ल्युटिन आणि कर्क्युमिन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, म्हणून त्याबद्दल मला विशेष आस्था वाटते. २०१० मध्ये रोम येथे पीतबिंदूचा सुरुवातीचा ऱ्हास असलेल्या २५ रुग्णांना रोज २० मिलिग्रॅम केशर तीन महिने देऊन दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजला गेला आणि तो सुधारलेला आढळला. पुढे सिडनीत १०० जणांवर हाच डोस वापरून झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सुधारणा दिसली, पण तक्त्यावरील अक्षरांच्या हिशेबात ती सरासरी एका अक्षराहूनही कमी होती. हे निष्कर्ष माणसांवरचे आहेत, नियंत्रित चाचण्यांतले आहेत, आणि तरीही लहान आहेत. विकाराची पुढची वाटचाल थांबते की नाही हे तीन महिन्यांत कळू शकत नाही.

आपले अनुभव आणि विशेषतः आपली असहमती अवश्य लिहावी.

नदीकाठ

ताई, अत्यंत उपयुक्त धागा. माझ्या आईला बावीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि मागील तपासणीत पडद्यावर रक्तस्रावाचे ठिपके असल्याचे सांगण्यात आले. एका नातेवाइकांनी कर्क्युमिन आणि मिऱ्याचा अर्क एकत्र असलेल्या गोळ्या आणून दिल्या आहेत आणि आई त्या निष्ठेने घेत आहे. ‘हळदच तर आहे, त्याने काय होणार?’ असे तिचे म्हणणे आहे. त्या बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात?

सप्तपर्णी

@नदीकाठ, आमटी-भाजीतल्या हळदीबद्दल कोणतीच हरकत नाही. त्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपासच असते. गोळीतला अर्क ही निराळी वस्तू आहे. शोषण वाढवलेल्या अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत झाल्या आहेत, आणि अमेरिकेतील नोंदींमध्ये विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या व्यक्तींना हा धोका अधिक असल्याचे दिसले. शिवाय पायपेरिन हे कर्क्युमिनपुरते काम करून थांबत नाही. यकृतात ज्या मार्गांनी इतर औषधांचा निचरा होतो ते मार्गही ते मंदावते. आईंची इतर औषधे चालू असणारच. त्यामुळे बाटली घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जावे आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. माझ्यासमोर आईंचा कागद असता तर मी त्या गोळ्या थांबवण्याचाच सल्ला दिला असता.

दृष्टिपथ

मी दृष्टिपटल विभागात काम करणारा नेत्रशल्यचिकित्सक आहे. सप्तपर्णी यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त रुग्णालयात बसून जे दिसते ते जोडतो.

ओसीटी या, प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र काढणाऱ्या यंत्रावर पीतबिंदूचा छेद पाहिला, तर निरोगी डोळ्यात मध्यभागी एक हलका खळगा दिसतो. सूज आली की तो खळगा भरून निघतो आणि त्याच्या जागी काळ्या पोकळ्या असलेली टेकडी उभी राहते. रुग्णाला मी हे चित्र संगणकाच्या पडद्यावर दाखवतो, कारण ‘दोन महिने काढा घेऊन बघतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला त्या दोन महिन्यांची किंमत त्याशिवाय कळत नाही. पोकळ्या फार काळ राहिल्या, तर प्रकाशग्राही पेशींची रांग तुटते; नंतर इंजेक्शनने पाणी उतरले तरी ती रांग परत जुळत नाही. वनस्पतिज द्रव्यांनी थेट अपाय झालेले रुग्ण मी कमी पाहिले आहेत. त्यांच्या भरवशावर उशिरा आलेले रुग्ण मात्र दर आठवड्याला येतात, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

दाहाचे मूळ कोठे आहे, हे विसरून चालणार नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्यामुळे दृष्टिपटलविकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ मध्ये ब्रिटनमधील यूकेपीडीएस चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने दृष्टिपटलविकार बळावण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. कोणत्याही फळाच्या, फुलाच्या किंवा मुळाच्या अर्काला या आकड्यांच्या जवळपासही जाता आलेले नाही. भारतात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांना दृष्टिपटलविकार असल्याचे आढळले. देशातील मधुमेहींची संख्या आता १० कोटींच्या वर मोजली गेली आहे. त्यांतील किती जणांनी बाहुली विस्फारून पडदा एकदा तरी तपासून घेतला असेल, हा विचार मनातून जात नाही.

@नदीकाठ, आईंना रक्तस्रावाचे ठिपके असतील तर पुढची तपासणी किती महिन्यांनी, हे कागदावर लिहून घ्या.

अमृतवल्ली

मी आयुर्वेदाची पदवीधर असून चिकित्सा करते. या धाग्यावर आयुर्वेदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, याबद्दल समाधान वाटले. अष्टांगहृदयात नेत्रबलासाठी रात्री त्रिफळा मध आणि तूप यांसह घेण्यास सांगितले आहे. माझा मुद्दा एवढाच आहे, की आपण ज्याला ‘द्रव्य’ म्हणत आहात तो एकच रेणू वेगळा काढून तपासला जातो, आणि मूळ उपदेश मात्र संपूर्ण फळांचा, तुपासारख्या स्निग्ध अनुपानाचा आणि पथ्याचा असतो. तुपाचा उल्लेख मला अर्थपूर्ण वाटतो, कारण स्निग्धात विरघळणारी द्रव्ये स्निग्धाशिवाय शोषली जात नाहीत, हे आपणही मान्य कराल.

सप्तपर्णी

@अमृतवल्ली, स्निग्धाचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि तो ल्युटिनला तंतोतंत लागू पडतो. तेल-तुपाशिवाय खाल्लेल्या कच्च्या पाल्यातून कॅरोटिनॉइड, म्हणजे ल्युटिनच्या गटातली रंगद्रव्ये, फारच थोडे शोषले जाते. अंड्याच्या बलकात ल्युटिन पालकाच्या तुलनेत अगदी कमी असते, पण चरबीसोबत असल्यामुळे ते चांगले अंगी लागते. आपल्याकडे पालक, माठ, शेवग्याचा पाला किंवा अळू लसणाच्या फोडणीत परतून खाण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने अतिशय योग्य आहे. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात ल्युटिन आणि झिॲझँथिन मिळून सुमारे ११ मिलिग्रॅम भरतात.

त्रिफळ्याबाबत मात्र माझी असहमती नोंदवते. प्रयोगशाळेत त्रिफळ्याचा अभ्यास मोतीबिंदूवर झाला आहे आणि तोही उंदरांत. मोतीबिंदू हा भिंगाचा विकार आहे. त्यावरून दृष्टिपटलाच्या दाहाबद्दल अनुमान काढता येणार नाही. संपूर्ण औषधाचीही नियंत्रित चाचणी करता येते. केशराची तशी झालीच आहे. आपल्या संस्थांनी त्रिफळ्याची तशीच चाचणी, ओसीटीच्या मोजमापासह, हाती घ्यावी असे मला मनापासून वाटते. निकाल होकारार्थी आला, तर तो सर्वांत आधी येथे लिहिण्यात मला आनंद होईल.

अमृतवल्ली

चाचणीबाबत सहमत. ज्यांना रक्तस्राव किंवा सूज आहे, त्यांना मी स्वतः प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे पाठवते. हेही येथे नोंदवून ठेवते.

दूरदेशी

मी ओहायोत राहतो. माझ्या वडिलांना (वय ७८, पूर्वी सिगारेट ओढत असत) पीतबिंदूचा मध्यम अवस्थेतील ऱ्हास आहे आणि येथील डॉक्टरांनी ‘एआरईडीएस-२’ सूत्राच्या गोळ्या सुचवल्या. ते भारतात गेले असताना गोळ्या संपल्या, तेव्हा दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी बाटली दिली, आणि तिच्यात बीटा-कॅरोटीन होते. याने फरक पडतो का?

दृष्टिपथ

@दूरदेशी, फार मोठा फरक पडतो, आणि हा प्रश्न विचारलात हे उत्तम केलेत.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पहिल्या एआरईडीएस चाचणीत जीवनसत्त्व सी ५०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व ई ४०० एकके, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबे २ मिलिग्रॅम असे सूत्र होते. ऱ्हास प्रगत अवस्थेत जाण्याचा धोका त्याने पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. परंतु धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनमुळे फुप्फुसाचा कर्करोग वाढतो, हे फिनलंडमधील १९९४ च्या चाचणीत आधीच उघड झाले होते. म्हणून ४,२०३ जणांवरील दुसऱ्या, म्हणजे एआरईडीएस-२, चाचणीत ल्युटिन १० मिलिग्रॅम आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम तपासले गेले. त्या चाचणीतही बीटा-कॅरोटीन मिळालेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण २ टक्के आणि न मिळालेल्या गटात ०.९ टक्के आढळले. रुग्ण झालेले बहुतेक जण पूर्वी धूम्रपान करणारे होते. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल २०२२ मध्ये आला आणि त्यानेही हेच सांगितले. वडिलांनी ती बाटली तत्काळ थांबवावी.

आणखी एक बाब प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१३ च्या मुख्य निकालात मूळ सूत्रात ल्युटिनची भर घातल्याने एकूण सर्व सहभागींत निर्णायक फायदा सिद्ध झाला नव्हता. ज्यांच्या आहारात ल्युटिन सर्वांत कमी होते, त्या पाचव्या हिश्श्यात मात्र धोका २६ टक्क्यांनी घटला. याचा अर्थ मी असा लावतो, की भाजी खाणाऱ्याला गोळीने मिळणारी भर थोडीच असते. आणि हे सूत्र मध्यम अवस्थेतील, किंवा एका डोळ्यात प्रगत ऱ्हास झालेल्या व्यक्तींसाठी आहे. निरोगी डोळ्यांत ऱ्हास सुरूच होऊ नये म्हणून, किंवा मधुमेही दृष्टिपटलविकारावर ते उपयोगी असल्याचे सिद्ध झालेले नाही.

मळेकरी

आमच्याकडे झेंडू असतो, म्हणून ल्युटिनच्या दुसऱ्या टोकाची माहिती देतो. बाटलीतले बहुतेक ल्युटिन गर्द केशरी आफ्रिकन झेंडूच्या पाकळ्यांतून येते. कर्नाटक, तमिळनाडू आणि तेलंगणात कारखान्यांसाठी त्याची करार पद्धतीने लागवड होते. फुले मुरघासासारखी दाबून आंबवली जातात, मग पिळून, वाळवून त्यांच्या गोळ्या पाडतात, आणि हेक्झेन या द्रावकाने त्यातला घट्ट, काळपट नारिंगी राळेसारखा अर्क काढतात. पाकळीत ल्युटिन मेदाम्लांशी जोडलेले असते. अल्कलीने ते सुटे केले जाते. याच अर्काचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो, कारण त्याने बलकाला गडद रंग येतो. दसऱ्याच्या बाजारासाठी आम्ही जो झेंडू पिकवतो त्यात आकार आणि टिकाऊपणा पाहतो. कारखान्याच्या वाणात पाकळीतला रंग पाहिला जातो.

आपण भारतीय एवढे ल्युटिन पिकवून जगाला देतो, आणि आपल्याच ताटातून माठ, चाकवत, चंदनबटवा नाहीसे होत चालले आहेत, याची खंत वाटते.

सप्तपर्णी

@मळेकरी, मनापासून आभार. ही माहिती शोधनिबंधात इतक्या स्पष्टपणे मिळत नाही.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे, तर लेबल कसे वाचावे तेही सांगते. आपल्याकडे ही उत्पादने औषध म्हणून नव्हे, तर खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली विकली जातात, आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ त्यांवर छापणे बंधनकारक असते. ती ओळ बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असते आणि डोळ्याचे चित्र पुढे असते. ल्युटिन शुद्ध किती आणि एस्टर स्वरूपात, म्हणजे मेदाम्लांशी जोडलेले, किती हे पाहावे, कारण एस्टरचे वजन अधिक भरते आणि त्यातले प्रत्यक्ष ल्युटिन साधारण निम्मे असते.

वनस्पतीपासून आले म्हणून निरुपद्रवी, ही समजूतही सोडावी लागेल. सिंकोनाच्या सालीतून मिळणाऱ्या क्विनिनच्या जादा मात्रेने दृष्टिपटलाला थेट विषबाधा होऊन अचानक अंधत्व येते, हे वैद्यकशास्त्राला जुने ठाऊक आहे. गिंको या झाडाचा अर्क ॲस्पिरिनसोबत घेणाऱ्या एका सत्तरीच्या गृहस्थांच्या डोळ्यात पुढच्या भागात रक्तस्राव झाल्याची नोंद १९९७ ची आहे.

विदुला_नाशिक

आमच्या भागात द्राक्षांमुळे डोळ्याच्या पडद्याचे रक्षण होते, असा दावा ऐकू येतो. त्याला काही आधार आहे का?

सप्तपर्णी

@विदुला_नाशिक, थोडा आहे. सिंगापूरमध्ये ३४ ज्येष्ठांना १६ आठवडे द्राक्षाची भुकटी दिली असता पीतबिंदूतील रंगद्रव्याची घनता वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रंगद्रव्याचे मोजमाप आहे. विकार टळल्याचे नव्हे. ज्यांना आवडतात त्यांनी द्राक्षे जरूर खावीत. मधुमेहींनी मात्र ती औषध म्हणून वाटीवाटीने खाल्ली, तर साखर काटेकोर ठेवून मिळणाऱ्या, वर सांगितलेल्या ७६ टक्क्यांच्या फायद्याकडेच पाठ फिरेल.

नदीकाठ

आईच्या गोळ्या थांबवल्या आहेत, यकृताची तपासणी उद्या आहे. शेवटची एक शंका. हृदयाच्या झडपेमुळे तिला रक्त पातळ ठेवण्याचे वॉर्फरिन चालू आहे, आणि पालेभाज्या खाऊ नयेत असे कोणीतरी सांगितल्याने तिने त्या पूर्ण सोडल्या आहेत. मग ल्युटिन मिळणार कसे?

दृष्टिपथ

@नदीकाठ, पालेभाज्या पूर्ण सोडण्याची गरज नाही. त्यांतील जीवनसत्त्व के वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करते, म्हणून खरा त्रास प्रमाणातील चढउतारामुळे होतो: एका आठवड्यात काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज पालक, असे होता कामा नये. ज्या डॉक्टरांनी वॉर्फरिन दिले आहे त्यांना विचारून ठरावीक प्रमाणात भाजी पुन्हा सुरू करावी, उदाहरणार्थ दिवसाआड एक लहान वाटी. सुरू केल्यानंतर आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखवणारी चाचणी) लवकर तपासून त्यानुसार गोळीची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. मका, केशरी ढोबळी मिरची आणि अंड्याचा बलक यांत जीवनसत्त्व के बरेच कमी असते आणि झिॲझँथिन चांगले मिळते, तेव्हा तोवर ते चालू ठेवता येतील. मक्याचे पिष्ट मात्र साखरेच्या हिशेबात धरावे. पडद्याच्या तपासणीला जाताना आयएनआरचा ताजा कागद सोबत न्यावा.